आठशे एकाहत्तर

सात दिवस, रोज सकाळी साडेनऊला
मनपाला उतरून नवा पूल ओलांडते
आणि तांबट आळीत वामनराव पोटफोड्यांच्या
ओट्यावर लॅपटॉप उघडते.
वय शहात्तर. शिक्षण सातवी. हात उजवा.
ऐकू येणं : मर्यादित, असं फॉर्मात आहे.
ते म्हणतात, "साठ वर्षं तांबं ठोकलं,
कान त्यातच मुरला."
म्हणून आवाजाची चाचणी रद्द. ठिपक्याची घ्यायची.

हिरवा ठिपका दिसला की बटण दाबायचं.
एवढंच. साठ वेळा.
ठिपका कधी दोन सेकंदांनी येतो, कधी नऊ,
मुद्दाम तसा ठेवलाय,
माणसाला लय सापडू नये म्हणून.

पहिल्याच दिवशी त्यांनी ओळखलं.
"हे बेताल आहे, बाई.
असं ठोकलं असतं तर शेटजीनं
हंडा तोंडावर फेकला असता."

चारशे बारा मिलिसेकंद. तीनशे अठ्ठ्याण्णव.
चारशे पाच. चारशे एकोणीस.
आठशे एकाहत्तर.
चारशे दोन.

सर सांगतात, सरासरीला भुलू नकोस,
सरासरी म्हणजे लग्नाच्या फोटोतलं हसू.
माणूस स्वतःपासूनच किती लांब लांब पडतो
ते मोजायचंय आपल्याला.
कधीकधी म्हणे आकडे आधी विस्कटतात,
नावं खूप नंतर.

मंगळवारी फारच विखुरले.
मी प्रश्नावलीच्या क्रमाने विचारलं :
झोप? चहा? गोळी?
झोप बरी. चहा दोन. गोळी घेतली.
मग जरा वेळाने,
"सून दारात बोलत होती, बिल्डरचं.
ऐकू नाही आलं. ओठ दिसतात ना पण."
प्रश्नावलीत ओठांचा रकाना नाही.

बुधवारी समोर कुणी परात मठारायला बसलं.
माझं डोकं उठलं.
त्यांना तो ठोका फरशीतून, तळपायातून
वर चढत असावा :
साठच्या साठ आकडे
प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या वर्गासारखे.
बाह्य व्यत्यय, असा एक रकाना आहे.
त्यात "होता" लिहिलं.
त्याने बरं वाटलं, हे लिहायला जागा नव्हती.

गुरुवारी फळीवरचा जुना बंब
मला खाली काढायला लावला.
डोळे मिटून अंगठा फिरवत गेले.
"हा गणपा, धाकटा. हाही. इथून मी.
हा मी.
हा मीच, पण ताप होता."
मीही अंगठा फिरवला. मला सगळे खड्डे सारखे.
"तुमच्या साहेबांना विचारा,
यंत्राला ताप कळतो का."

शुक्रवारी मी चार्जर विसरले,
त्यांचं वय सदुसष्ट टाइप केलं,
आणि नमस्कार करायच्या जागी "हॅलो" म्हणाले.
मी चौतीस वर्षांची. माझी चाचणी कुणी घेत नाही.

तो आठशे एकाहत्तर मात्र
बुधवार सोडला तर रोज एकदा येतो,
कधी नऊशे चार होऊन, कधी सातशे नव्वद,
उरलेल्या एकोणसाठांशी भावकी नसल्यासारखा.
दुसऱ्या कुठल्या अभ्यासात मी तो पुसला असता,
फार लांबचा आकडा वगळावा, असा नियमच आहे.
इथे पुसायचा नाही. इथे त्याच्यासाठीच तर येते मी.
चारशेचे आठशे. अर्धा सेकंदही नाही.
एवढ्यात माणूस कुठे जाऊन येतो?

विचारलं एकदा, कानाशी वाकून, मोठ्यानं.
"कुठे नाही. इथेच होतो.
ठिपका उशिरा आला."

शेवटच्या दिवशी, अठ्ठावन्नाव्या खेपेला,
ठिपका यायच्या आधीच बटण दाबलं.
पडद्यावर लाल अक्षरात : चूक.
"येतच होता," ते म्हणाले.

आणि आला.